शिवेपलीकडील लेणी

पुणे जिल्ह्यातील कासारसाई हे गाव मुळशी तालुक्याच्या सीमेलगत वसलेले आहे. गावाजवळ धरणाचे विस्तीर्ण पाणी आहे; थोड्याच अंतरावर हिंजवडीच्या उंच इमारती उभ्या आहेत; आणि उत्तरेकडे शीव ओलांडली की मावळ तालुका लागतो. ही शीव डोळ्यांना दिसत नाही. तिच्यावर भिंत नाही, की कुंपण नाही. येथील संत तुकाराम सहकारी साखर कारखाना ‘कासारसाई-दारुंब्रे’ अशा जोडनावाने ओळखला जातो. त्यांतील कासारसाई मुळशीतले आणि दारुंब्रे मावळातले. दोन तालुक्यांचा ऊस एकाच गव्हाणीत पडतो, आणि साखर होताना कोणते कांडे कोठले याची चौकशी कोणी करीत नाही.

या शिवेपलीकडे, सकाळी निघून दिवेलागणीस परत येता येईल एवढ्या अंतरावर, बेडसे, भाजे आणि कार्ले ही तीन प्राचीन लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी मावळच्या डोंगरांत ती कोरली गेली. जगाच्या दूरदूरच्या भागांतून अभ्यासक ती पाहावयास येतात. परंतु ‘जवळचे तीर्थ आणि घरचा वैद्य’ यांची किंमत माणसास उशिरा कळते. एका दिवसाची सहल काढून ही लेणी नीट कशी पाहावीत आणि त्यांत नेमके काय पाहावे, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

अशा सहलीसाठी पावसाळा सरल्यानंतरचे दिवस उत्तम. तेव्हा ओढे उतरलेले असतात, पायऱ्यांवरचे शेवाळ वाळलेले असते आणि उन्हाचा तापही सोसवतो. कासारसाईहून चांदखेडवरून निघून पवना नदी ओलांडावी आणि सोमाटण्याजवळ जुन्या पुणे-मुंबई रस्त्याला लागावे. तेथून कामशेत गाठले, की दक्षिणेकडे बेडशाचा फाटा लागतो. पुढे मळवली स्थानकाच्या एका बाजूस भाजे आणि दुसऱ्या बाजूस कार्ले आहे. बेडसे, भाजे, कार्ले हा क्रम केवळ रस्त्याच्या सोयीचा नाही. बेडशाचे लेणे पूर्वाभिमुख असल्याने सकाळचे कोवळे ऊन त्याच्या ओसरीत शिरते. भाजे आणि कार्ले येथील चैत्यगृहे पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे दिवस कलला म्हणजे ती उजळून निघतात. अंधाऱ्या लेण्यात सूर्याइतका चांगला दिवा दुसरा नाही.

सहलीबरोबर जाणता मार्गदर्शक असणे मात्र आवश्यक आहे. तो इतिहासाचा शिक्षक असो, पुरातत्त्वाचा विद्यार्थी असो, अथवा लेण्यांचा अभ्यास केलेला स्थानिक रहिवासी असो. लेणे हे मुके असते. ज्याला त्याची भाषा येत नाही, त्याला तेथे खांब, खोल्या आणि काळोख एवढेच दिसते. मार्गदर्शक त्या दगडाला बोलते करतो. चांगला मार्गदर्शक दंतकथा सांगून विद्यार्थ्यांना चकित करीत नाही. तो ‘येथे पाहा’ असे म्हणून बोट दाखवितो, आणि जे समोर आहे त्याचा अर्थ लावावयास शिकवितो.

पहिली गोष्ट दगडाची. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हारस होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वर आलेला हा रस थरांवर थर साचून गोठला. त्यापासून बनलेल्या खडकास बेसॉल्ट म्हणतात. तो कठीण असल्याने त्यात कोरलेले काम टिकते. आणि त्याचे थर जाड व एकसंध असल्याने मोठे दालन कोरले तरी छत कोसळत नाही. इमारत बांधताना माणूस पायापासून वर जातो; लेणे कोरताना मात्र पाथरवट वरून खाली येत असे. आधी छत, मग खांबांचे माथे, आणि अखेरीस जमीन. त्यामुळे उंच पराती बांधण्याचे श्रम वाचत. परंतु बांधणारा चुकला तर दगड बदलू शकतो. कोरणाऱ्यास ती मुभा नाही. एकदा उडालेला टवका पुन्हा बसविता येत नाही. छिन्नीचा प्रत्येक घाव विचारपूर्वक घालावा लागे.

दुसरी गोष्ट या वास्तूंच्या प्रयोजनाची. ही तिन्ही लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत. भिक्षूने एका जागी न राहता गावोगाव फिरून उपदेश करावा, असा नियम होता. पण पावसाळ्यात वाटा बंद होत, म्हणून तीन महिने त्याने एके ठिकाणी राहावे अशी तरतूद होती. यास वर्षावास म्हणत. मावळातील पाऊस ज्याने अनुभवला आहे, त्याला पक्क्या निवाऱ्याची गरज वेगळी सांगावी लागत नाही. राहण्यासाठी कोरलेल्या जागेस विहार म्हणतात. तेथे लहान लहान खोल्या असतात आणि त्यांत निजण्याचे दगडी ओटे असतात. उपासनेच्या दालनास चैत्यगृह म्हणतात. त्याच्या टोकाशी घुमटाकार स्तूप असतो. त्या प्राचीन काळात बुद्धाची मूर्ती घडविण्याची प्रथा येथे नव्हती. स्तूप हेच त्यांच्या स्मरणाचे प्रतीक होते. कार्ल्यास दर्शनी भागावर बुद्धमूर्ती दिसतात, त्या काही शतकांनंतर कोरलेल्या आहेत.

बेडशाच्या पायऱ्या चढून गेल्यावर प्रथम चैत्यगृह दिसतच नाही. समोरचा कातळ पूर्णपणे न काढता त्यातून एक अरुंद वाट ठेवलेली आहे. त्या वाटेने आत जाताच एकाएकी उंच स्तंभ समोर उभे राहतात. त्यांच्या शिरोभागी घोडे, बैल आणि हत्ती बसलेले असून त्यांवर स्त्रीपुरुष आरूढ झाले आहेत. घोड्यांच्या ताणलेल्या माना आणि स्वारांचे अलंकार दोन हजार वर्षांनंतरही स्पष्ट दिसतात. हे काम इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानले जाते. शेजारचा विहारही निरखून पाहण्यासारखा आहे. सामान्यतः विहार चौकोनी असतो. येथील विहार मात्र मागील बाजूस अर्धवर्तुळाकार असून त्याचे छत कमानदार आहे.

भाजे हे तिघांत वडील. तेथील चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरले गेले. बावीस लेण्यांच्या या समूहात एक मोठा धडा शिकावयास मिळतो. चैत्यगृहातील सत्तावीस अष्टकोनी खांब सरळ उभे नाहीत; ते वर जाताना आतल्या बाजूस झुकलेले आहेत. पाहणाऱ्यास वाटावे, की पाथरवटाचा ओळंबा चुकला असेल. पण तसे नाही. लाकडी इमारतीत छताचा भार खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून सुतार ते थोडे आत कलते करीत असे. दगडात कोरलेल्या खांबांवर असा भार येत नाही; तरीही पाथरवटाने लाकडी घराचे रूप जसेच्या तसे उतरविले. छताला लाकडी फासळ्यांची गरज नसताना त्याने त्याही बसविल्या. दर्शनी भागावर कोरलेले सज्जे, जाळ्या आणि कठडे हे सर्व लाकूडकामाचेच अनुकरण होय. त्या काळची लाकडी घरे, वाडे आणि नगरे केव्हाच नष्ट झाली. त्यांचे रूप या दगडांनी जपून ठेवले.

भाज्याच्या एका बाजूस चौदा लहान स्तूपांचा समूह आहे. त्यांपैकी काहींवर दिवंगत स्थविरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची, नावे कोरली आहेत. पलीकडील विहारात चार घोड्यांच्या रथातील एक पुरुष आणि हत्तीवर बसलेला दुसरा पुरुष यांची शिल्पे आहेत. त्यांना अनेकजण सूर्य आणि इंद्र समजतात. काही अभ्यासकांचे मत निराळे आहे. मार्गदर्शकाने येथे दोन्ही मते सांगावीत. ज्ञानाच्या प्रांतात ‘अद्याप निश्चित नाही’ असे म्हणण्यात कमीपणा नसतो.

दुपार कलल्यावर कार्ल्याचा डोंगर चढावा. वर एकवीरा देवीचे मंदिर आहे आणि त्याच्याच मागे भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत भव्य असे चैत्यगृह आहे. लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी व उंची प्रत्येकी सुमारे ४५ फूट, आणि स्तंभ एकंदर सदतीस. दोन्ही बाजूंच्या पंधरा-पंधरा खांबांच्या माथ्यांवर गुडघे टेकलेले हत्ती व त्यांवर बसलेल्या जोड्या आहेत. स्तूपामागील सात खांब साधे आहेत. छताच्या सागवानी फासळ्या आणि स्तूपावरील लाकडी छत्र प्राचीन काळापासून टिकून आहे. दर्शनी भागातील नालाच्या आकाराच्या मोठ्या गवाक्षातून उतरते ऊन आत येते आणि स्तूपावर पसरते. या क्षणी मार्गदर्शकाने काही बोलू नये, हेच उचित.

परंतु केवळ भव्यता पाहून परत फिरणे म्हणजे ग्रंथाची पृष्ठे मोजून तो मिटण्यासारखे आहे. या लेण्यांचे खरे वैभव त्यांच्या भिंतींवर आणि खांबांवर कोरलेल्या लहान लहान लेखांत आहे. ते ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहेत. ही लिपी वाचण्याची विद्या मध्यंतरी लोप पावली होती. जेम्स प्रिन्सेप या विद्वानाने १८३७ साली तिचे कोडे उलगडले, आणि शेकडो वर्षे मुके असलेले दगड बोलू लागले. ते जे बोलले ते राजांच्या पराक्रमाविषयी थोडे आणि दात्यांविषयी अधिक होते.

कार्ल्याच्या लेखांत दात्यांची गावे आहेत, व्यवसाय आहेत, पित्यांची नावे आहेत. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्णत्वास नेले, आणि ते साऱ्या जंबुद्वीपात उत्तम आहे अशी नोंद करून ठेवली. वैजयंती म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासी. समोरचा सिंहस्तंभ गोतीपुत्र अग्निमित्रणक या महारठीने दिला. धेनुकाकट येथील सिंहदत्त नावाच्या गांधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, एका दाराचा खर्च सोसला. आणि वेणुवासाचा पुत्र सामी या सुताराचे नावही दाराच्या कामासाठी कोरलेले आहे. एक स्तंभ सोपाऱ्याच्या भिक्षूचा, तर दुसरे अनेक स्तंभ यवनांचे आहेत. यवन म्हणजे मूळचे ग्रीक. पश्चिमेकडून आलेल्या परदेशीयांना हे नाव मिळाले होते. या यवनांची नावे बहुधा भारतीय वळणाची आहेत. येथे येऊन ते येथलेच झाले होते.

बेडशाला नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या पुत्राचे दान आहे, तसेच सामडिनिका नावाच्या एका महारठिनीचेही आहे. भाज्याला विष्णुदत्त नावाच्या महारठीने पाण्याचे टाके दिले; लेखात त्यास ‘पोढी’ असा सुंदर शब्द आहे. राजे, श्रेष्ठी, सुतार, भिक्षू, स्त्रिया आणि परदेशी यांनी मिळून जे उभे केले, ते एकट्या राजाच्या खजिन्यातूनही उभे राहिले नसते.

हे सर्व लोक मावळातच का आले, याचे उत्तर भूगोलात आहे. कोकणातील कल्याण आणि सोपारा ही त्या काळची गजबजलेली बंदरे. पैठण आणि तेर ही देशावरील संपन्न नगरे. मध्ये सह्याद्रीची भिंत. ती भिंत ओलांडण्याच्या वाटा म्हणजे घाट. घाटाच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी आहेत, तर माथ्यावर कार्ले, भाजे आणि बेडसे. व्यापाऱ्यांचे तांडे या वाटेने जात, लेण्यांत विसावा घेत, टाक्यांचे पाणी पीत आणि आपल्या प्राप्तीतील वाटा अर्पण करीत. वाट पुढेही बदलली नाही. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ साली लोहमार्ग सुरू झाला आणि २००२ साली द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला. आजही कोकणातील कोळी व आगरी बांधव पालख्या घेऊन घाट चढतात आणि एकवीरेच्या दर्शनास येतात.

मग त्या काळी सीमा नव्हत्या काय? होत्या. राज्यकारभारासाठी प्रदेशाचे ‘आहार’ नावाचे विभाग पाडलेले होते. कार्ल्याच्या एका लेखात ‘मामाल’ येथील अधिकाऱ्यास आज्ञा दिलेली आहे. मामाल म्हणजेच आजचे मावळ, असे विद्वान मानतात. सहलीचे विद्यार्थी ज्या तालुक्याची शीव ओलांडून येतात, त्याचे नाव असे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी दगडावर कोरलेले आहे.

त्या लेखामागील इतिहास विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. क्षहरात वंशातील नहपान राजाचा जावई उषवदात याने वलूरक येथील, म्हणजे कार्ल्याच्या, भिक्षूंच्या योगक्षेमासाठी करजिक नावाचे गाव दान दिले. पुढे सातवाहनांनी क्षहरातांचा पराभव केला. रणांगणावर सीमा सरकली आणि राज्य पालटले. जिंकणाऱ्याने हरलेल्याची दाने मोडीत काढणे अशक्य नव्हते. पण येथे तसे घडले नाही. सातवाहनांच्या आज्ञेने त्याच विहाराच्या भिक्षूंना करजक गाव देण्यात आले. हे तेच गाव असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. दोन शत्रू ज्या भूमीसाठी लढले, त्या भूमीवरील सत्कार्य राखण्याच्या बाबतीत मात्र एकमत झाले. राजांचे वैर दोन पिढ्यांत संपले. भिक्षूंना मिळालेला आधार टिकला.

त्यानंतर किती राज्ये आली आणि गेली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. बनवासी एका राज्यात आणि कार्ले दुसऱ्या राज्यात आहे. सोपारा ठाणे जिल्ह्यात होते, ते २०१४ साली नव्या पालघर जिल्ह्यात गेले. व्यवस्थेसाठी अशा रेषा आखाव्या लागतात आणि गरजेनुसार त्या पुसाव्याही लागतात. शेताला बांध हवा, गावाला शीव हवी, तालुक्याला हद्द हवी. परंतु कोणते चांगले काम आपले आणि कोणते परक्याचे, हे त्या रेषांवरून ठरवू नये. भूतपाल श्रेष्ठीने ते ठरविले असते, तर कार्ल्याचे शैलगृह पूर्ण झाले नसते.

हा वारसा मात्र सुरक्षित आहे असे समजू नये. भाज्याच्या चैत्यगृहाची दर्शनी लाकडी भिंत नाहीशी झाली आहे; कार्ल्याच्या दोन सिंहस्तंभांपैकी एकच उरला आहे. बेडशात एकोणिसाव्या शतकात अधिकाऱ्यांना लेणे स्वच्छ दिसावे म्हणून गिलावा व रंग देण्यात आला. त्या हौसेपायी आतील प्राचीन चित्रांचे अवशेष हरवले. पाऊस, वारा आणि झाडांची मुळे आपले काम सावकाश करतात. मनुष्य तेच काम क्षणात करतो. खिळ्याने खांबावर आपले नाव कोरणारा प्रवासी असे समजतो, की आपलेही नाव अमर झाले. परंतु सामी सुताराचे नाव तेथे टिकले, ते त्याने लेण्यास काही दिले म्हणून. देणाऱ्याचे नाव शोभते. ओरबाडणाऱ्याचे नाव हा व्रण ठरतो.

प्राचीन स्मारकांच्या रक्षणासाठी १९५८ साली कायदा झाला. संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तथापि डोंगरातील प्रत्येक खांबापाशी पहारेकरी उभा करता येत नाही. खरा पहारा पाहणाऱ्याच्या मनात असावा लागतो. शिल्पांना हात लावू नये, कारण हाताच्या घामाने व तेलकटपणाने दगड काळवंडतो. स्तूपावर चढू नये. चैत्यगृहात आरडाओरडा करून प्रतिध्वनी ऐकण्याचा मोह आवरावा. शिदोरीचे कागद आणि पाण्याच्या बाटल्या परत घेऊन जाव्यात. टिपणवहीत एखाद्या स्तंभाचे रेखाचित्र काढावे, एखाद्या लेखातील चार अक्षरे उतरवून घ्यावीत. लेण्यातून नेण्याजोगी वस्तू तेवढीच आहे.

दिवस मावळताना सहल परत फिरते. पवनेचा पूल ओलांडून गाडी चांदखेडवरून कासारसाईच्या वाटेला लागते आणि धरणाच्या पाण्यावर अंधार उतरतो. मावळ केव्हा संपले आणि मुळशी केव्हा सुरू झाली, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. ज्यांनी ती लेणी कोरविली, त्यांतील कोणी बनवासीहून आला, कोणी नाशिकहून, तर कोणी समुद्रापलीकडच्या वंशातला होता. त्यांनी दिलेले दान आज शिवेअलीकडच्या आणि शिवेपलीकडच्या सर्वांच्या पदरात पडले आहे. ते जसे मिळाले तसेच पुढच्या पिढीच्या हाती सोपविणे, हेच आजच्या पिढीचे दान होय.